गाळलेला नमुना

पाड्यावरच्या हातपंपाला लाल रंग, म्हणजे पाणी पिऊ नये अशी खूण, फासला गेला. पण ते पुढचं. तूर्त पंप हिरवागार आहे आणि त्याला लाल थेंबही लागलेला नाही, असंच धरून चालू.

२०१७ सालचा रविवार होता. डहाणूच्या पाणी-प्रयोगशाळेत काम करणारा दीपेश तलासरीकडच्या आपल्याच पाड्यावर, आपल्याच पंपापाशी उकिडवा बसला होता. पुढ्यात काचेच्या दोन नळ्या. एरवीही तो रविवारी यायचा, पण आईच्या, म्हणजे हिराबाईच्या हातचा कोरा चहा प्यायला. या पाण्यातल्या लोखंडाने तो चहा शाईसारखा काळा व्हायचा. दीपेश त्याच्यावरच वाढला. पहिल्यांदा डहाणू रोडच्या टपरीवर तांबूस चहा मिळाला, तेव्हा त्याने तो परत केला होता. "शेठ, कच्चा राहिलाय."

गोची एवढीच, की पाड्यावरून प्रयोगशाळेत दोनदा बाटली भरून आली आणि दोन्ही वेळा पाणी पास झालं. नापास झालं असतं तरच वरच्या टाकीचा नळ मिळणार होता. चहा एक सांगत होता, अहवाल भलतंच. म्हणून दीपेश स्वतः आला.

पंपातून नुकतंच उपसलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. त्याने औषधाचे थेंब सोडले. पाणी केशरी झालं. हे विरघळलेलं लोह, अजून बाहेरची हवा न लागलेलं. दुसऱ्या नळीत त्याने आधी वेगळं औषध घातलं, हवा लागून बदललेल्या लोहाला पुन्हा पहिल्यासारखं करणारं. मग तेच थेंब. ती नळी आणखी लाल झाली. बाहेरची हवा लागलेल्याला पहिल्यासारखं करायचं औषध खात्याकडे होतं, पण फक्त लोखंडासाठी.

"नापास ना?" शेजारची रूपी कडेवरचं पोर सावरत म्हणाली. "याचं पोट रोज दुखतंय, आणि तुझा कागद म्हणे पाणी निर्मळ!"

दीपेशने किटली घेऊन आलेल्या हिराबाईकडे पाहिलं. "आये, त्या बाटल्या कोणी भरल्या?"

"मीच. रातभर पाणी ठेवलं. लाल साका खाली बसला, वरचं लुगड्यातून गाळून दिलं. पाहुण्याला देतो तसं."

रूपी खो-खो हसली. "हिरामावशी, तपासायला मागितलेलं, प्यायला नाही!"

हिराबाई हसली नाही. तिने कपात चहा ओतला. काळा कुळकुळीत.

"ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नळ आला की माझा चहा टपरीसारखाच होणार. मग तू रविवारचा येशील कशाला?"

दीपेश चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. मग त्याने रूपीच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं आणि खरे आकडे लिहिले. खाली शेऱ्यात, शुद्ध सरकारी भाषेत, एक ओळ वाढवली:

"सदर पंप तात्काळ बंद करावा, तथापि बंद पंपाची तपासणी दर रविवारी, निम्नस्वाक्षरीकाराच्याच हस्ते, तहहयात करण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती."