लाल पट्ट्यातलं घर

"लाल म्हंजी काय गं?" सोनुबाईने विचारलं.

पाहणीला आलेल्या हर्षलाने टॅब्लेटवरचा नकाशा तिच्यापुढे धरला होता. कळंबच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर सोनुबाईचं घर आणि त्याच्याभोवती लालच लाल.

"म्हणजे धोका, मावशी. पावसात माती वाहून घळी पडतील अशी जागा. लाल पट्ट्यातली घरं खाली रस्त्यालगत हलवणार आहेत. पण हा नकाशा उपग्रहाच्या फोटोंवरून केलाय, म्हणून मी आधी बघायला आले."

"बघ बाई. पन मी नाय हलायची. हे जोतं आमी दोघांनी दगड वाहून घातलंय."

हर्षला उन्हातून तासभर फिरून आली. उघडी पडलेली माती तिला कुठे दिसलीच नाही. होता तो राब, भाताची रोपं करण्यासाठी फांद्या, पाला आणि शेण पसरून भाजलेली काळी जमीन. वरून उपग्रहाला ती उजाड वाटली. त्या बिचाऱ्याने कधी भात लावलेला नाही.

"आमचीच चूक झाली, मावशी. लाल काढून टाकते."

सोनुबाईला इतका आनंद झाला की तिने चहात दोनदा साखर घातली.

तो गोडमिट्ट चहा पिता पिता हर्षलाने फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न विचारला. "घरामागचं पावसाचं पाणी कुठून जातं?"

सोनुबाईने कप खाली ठेवला. 'जातं कुठूनतरी' म्हणून वेळ मारून नेता आली असती. मागे करवंदीची दाट जाळी होती आणि नकाशावर ती हिरवीगार दिसत होती. पण आत पाळण्यात नात झोपली होती. सोनुबाई तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग कोयता घेऊन उठली.

"ये मागं."

तिने जाळी तोडून बाजूला सारली. खाली पुरुषभर खोल घळ होती. कडेची मुळं उघडी पडून लोंबत होती. हर्षलाने काठापासून घराच्या भिंतीपर्यंत पावलं मोजली. नऊ भरली.

"गेल्या वर्षी किती होती?"

"कंदी मोजली नाय," सोनुबाई शांतपणे म्हणाली. "मोजली असती तर या घरात झोप लागली असती का?"

तिने कोयता भिंतीला टेकवून ठेवला.

"आता तू मोजलीस. लिव नऊ."