वगळलेल्यांची यादी

पट्ट्याचं बकल कानशिलावर बसलं तेव्हाच सुलभाला कळलं, भावाला पाठवलेला मेल नवऱ्याने वाचलाय. “माझी तक्रार करतेस, भवाने?” म्हणत त्याने पट्टा पुन्हा उगारला.

पासवर्ड तिने तीनदा बदलला होता. अँटीव्हायरसने सगळा कॉम्प्युटर तपासून दर वेळी हिरवी खूण दाखवली होती: धोका नाही.

सकाळी तो कामावर गेल्यावर ती सुजल्या डोळ्याने गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका टाइप करायला बसली. तिचे जुने मराठी फॉन्ट अँटीव्हायरस नेहमी अडवायचा, म्हणून ती ते ‘तपासू नये’ या यादीत टाकायची. आज यादी उघडली, तर तिथे तिने न टाकलेलं एक नाव होतं. तिने ते नेटवर शोधलं. टाइप केलेलं अक्षर न् अक्षर दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवणारा प्रोग्रॅम! अँटीव्हायरसने तो कधीच पकडला होता. घरधन्याने त्याला गप्प बसवलं होतं.

तिने तो काढला नाही. वरवंटा आणून कीबोर्डशेजारी ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याला अरे-तुरे करत टाइप केलं, “वाचतोयस ना? दार उघडंच ठेवलंय. ये.”