घरच्या माणसाचे दर

एकनाथने दरपत्रक लॅमिनेट करून हत्यारांच्या पिशवीला अडकवलं. नळ, पंखा, बिजागरी, सगळ्याचे दर पक्के. नुसतं बघायला यायचेही दीडशे. काम सांगताना मिस्त्री म्हणणारी गिऱ्हाइकं पैसे देताना त्याला घरचा माणूस म्हणायची, आणि वीस वर्षांत हे घरचेपण त्याला भलतंच महाग पडलं होतं.

"आता सवलत कुणालाच नाही," तो बायकोला म्हणाला.

"बघू, किती दिवस टिकतंय," ती म्हणाली.

पहिला फोन नलवडेकाकूंचा आला. त्यांच्या नवऱ्याच्या हाताखालीच एकनाथ हे काम शिकला होता. नलवडे मिस्त्रींना जाऊन तीन महिने झाले होते. त्याने मोरीतला नळ बदलला आणि कार्ड दिसू नये म्हणून पिशवी पाठीमागे धरून तो निघाला.

"थांब. ते काय लिहिलंयस, बघू दे." काकूंनी चष्मा लावून कार्ड वाचलं आणि पाचशेची नोट पुढे केली.

"काकू, तुमच्याकडून कसे घेऊ? मिस्त्रींनी मला पोटच्या पोरासारखं शिकवलं."

"ते सगळ्यांनाच आपलं समजायचे, म्हणून तर गाठीला काही राहिलं नाही. ऑपरेशनला पैसे हवे होते, तेव्हा मी घरोघर फिरले. सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली."

एकनाथने नोट हातात घेतली. त्या घरांत एक त्याचंही होतं.

"नळाचे चारशे लिहिलेत," काकू म्हणाल्या. "शंभर परत दे."