आजचा शब्द

रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांतून एक शुद्ध शब्द निवडून नवरा कांताला द्यायचा. रात्री ताटावर बसण्याआधी तो तिने वाक्यात वापरून दाखवायचा. वर्ध्याच्या क्वार्टरमध्ये तिचं 'मले-तुले' त्याला चालत नसे. त्या रविवारचा शब्द होता 'अवश्य'.

दुपारी सेलूहून माय आली. "काऊन वाळून राह्यली वं पोरी?"

नवरा समोरच पेपर वाचत बसला होता.

"बसा आई, मी चहा करते," कांता म्हणाली.

माय खुर्चीच्या कडेला टेकली. चहा घाईने संपवला. निघताना मात्र लेकीवरून बोटं मोडायला तिने दोन्ही हात तिच्या गालांकडे नेले.

"पुन्हा अवश्य या," कांता म्हणाली.

मायचे हात मधेच थांबले आणि जोडले गेले. "येतो, बाई."

"शाब्बास!" मागून नवरा म्हणाला. "आजचा शब्द बरोबर वापरला."