शिक्का नसलेला खुंट

झऱ्याकाठच्या खुंटावर शिक्का नव्हता. तपासणीला आलेल्या इंजिनिअर बाईंनी गुडघ्यावर बसून त्यावरून बोट फिरवलं. “वर्ष झालं असेल. पावसाळ्यात तोडलंय,” त्या म्हणाल्या. एलादियोचे कान तापले. यंदा गावाच्या वनसमितीचा प्रमुख तोच. आमच्या शिक्क्याच्या हातोड्याचा ठसा उमटल्याशिवाय पाईनला कुऱ्हाड लागत नाही आणि झऱ्यापाशी तर तोडच बंद, तिथे ठसाही उमटत नाही, हे तासाभरापूर्वी त्यानेच छाती फुगवून सांगितलं होतं.

नीट राखलेल्या जंगलाचं प्रमाणपत्र उत्तरेकडच्या राज्यांत कधीच पोचलं होतं. ओआहाका राज्यातल्या या डोंगरातही आता हे एकच गाव मागे उरलं होतं, आणि त्या कागदाशिवाय शहरातले फर्निचरवाले लाकडाकडे बघत नव्हते. तोडणारा शोधा, शिक्षा करा, म्हणजे कागद पुढे जाईल, असं बाई म्हणाल्या. पण समितीतल्याच कुणाचं नाव निघालं, तर तो तिथेच थांबेल.

हातच्या काकणाला आरसा कशाला? खुंट म्हाताऱ्या अबुंदियोच्या मक्याला लागून होता. दुपारी गावसभा भरली; बाई बाजूच्या टेबलाशी अहवाल लिहायला बसल्या. अबुंदियोने टोपी हातात घेऊन कबूल केलं. तीन वर्षं सभेत बसायचं नाही, अशी शिक्षा एलादियोनेच सुचवली आणि पहिला हातही त्यानेच वर केला. भराभर बाकीचे हात वर झाले आणि मोजणीसाठी वरच राहिले.

तरी त्याची लाज उतरेना. बाईंसमोर त्याला गावाचं नाक वर ठेवायचं होतं.

“काका, या वयात चोरी? कुणाला विकलंत लाकूड?”

“विकलं नाही रे. दिलं.”

“कुणाला?”

“ते सांगायचं नसतं, पोरा. रस्ता बंद होता तेव्हाची गोष्ट.”

सगळ्यांना उमगलं. देणाऱ्याने नाव सांगू नये असं लाकूड या गावात एकच, शवपेटीचं. शेजारी फळ्या दारात ठेवून जातात. घरचे विचारत नाहीत.

गेल्या पावसात दरड कोसळून रस्ता अकरा दिवस बंद होता. लाकडाची गिरणीही बंद होती. त्या अकरा दिवसांत गावात एकच मयत झालं होतं. दारात आलेल्या फळ्या ओल्या होत्या. खांदा देताना एलादियोच्या सदऱ्याला राळ चिकटली होती आणि तीनदा धुऊनही ती गेली नव्हती.

एकेक हात खाली आला. त्याचा तेवढा वरच राहिला. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, हे त्याला जास्त लागलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

मग तो बाईंच्या टेबलापाशी गेला.

“काकांचं नाव खोडा. माझं लिहा,” तो म्हणाला. “त्या लाकडात माझी आई निजलीय.”