आईने दिलेले यकृत

एकाच आठवड्यात दोन्ही भावांची यकृते बदलली. नऊ वर्षांच्या थोरल्याला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला, सात महिन्यांच्या धाकट्याला आईच्या. खोल्यांबाहेरच्या फलकांवर परिचारिका रोजची प्रगती लिहीत असे. त्या सकाळी आजीने चष्मा पुसून दोन्ही फलक वाचले: थोरल्याचा 'चालला, जेवला', धाकट्याचा 'व्हेंटिलेटर, दिवस नववा'. "माझ्या लेकाचं यकृत बघा कसं कामाला लागलं," ती सुनेदेखत म्हणाली. "आजी, दोष यकृताचा नाही. तान्ह्या बाळांना सावरायला जास्त दिवस लागतातच," परिचारिकेने समजावले. "तुम्ही तिचीच बाजू घेणार." थोरला सलाइनचा स्टँड ढकलत आला. त्याने धाकट्याचा फलक मोठ्याने वाचला आणि आईकडे पाहून हसला. "आई, मला तुझं नाही बसवलं, ते बरं झालं ना?" आईने पोटावरचे टाके सावरत त्याच्या सदऱ्याचे बटण लावले. "हो राजा, बरं झालं."