गाडीची कुरकुर

“हा बघ, आला! ऐकलास?” गतिरोधकावरून गाडी उतरताच ती म्हणाली.

त्याने ऐकला होता. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज, पुढच्या चाकाजवळून. त्याने काच खाली केली आणि डोळे मिटले. गॅरेजमध्येही तो असाच ऐकायचा. उस्तादांची समाधी लागली, म्हणून कामगार हसायचे.

“महिनाभर सांगतेय,” ती म्हणाली. “गावभराच्या गाड्या बऱ्या करतोस आणि बायकोची कण्हतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

“आज पाडतो उजेड.”

“पाड एकदाचा! ऑफिसला जाताना तेच, येताना तेच. एवढ्या लांबच्या रस्त्यावर एकटीला सोबत कसली, तर ही कुरकुर.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याशी इतकं बोलत होती. अलीकडे दोघांचं बोलणं गॅस संपला, बिल भरलं, एवढ्यावर आलं होतं. तो स्कूटरने गॅरेजला जायचा, ती गाडीने ऑफिसला. तिच्या शेजारी आपण शेवटचे कधी बसलो, ते त्याला आठवेना. पण ही कुरकुर तिने त्यालाच सांगितली होती. म्हणून सुट्टीच्या सकाळी तो हौसेने निघाला होता. आवाज सापडेल, मग कुठेतरी थांबून दोघं चहा घेतील. मग कदाचित आणखीही काही बोलतील.

“गिअर काढ,” तो म्हणाला. तिने काढला. आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही. ब्रेक दाबून पाहिला. तसाच. म्हणजे ब्रेकही नाही.

“थांब. मी बाहेरून ऐकतो. त्या झाडापर्यंत जा आणि वळून ये.”

गाडी गतिरोधकावरून गेली. आवाज नाही. परत आली. आवाज नाही.

“तू उतरलास आणि गप्प!” ती खिडकीतून म्हणाली. “तुझ्यावरच कुरकुरत होती वाटतं.”

तो आत बसला. कुर्र. पुन्हा उतरला. शांत. मागच्या सीटवर बसून पाहिलं. शांत. परत तिच्या शेजारी येऊन बसला. कुर्र.

निदान सोपं होतं. त्या बाजूच्या चाकाच्या सांध्यातल्या रबरी बुशला चीर गेली होती. शेजारच्या सीटवर माणसाचं वजन आलं की चीर उघडायची आणि लोखंडाला लोखंड घासायचं. गाडीत ती एकटी असेल तर आवाज येणं शक्यच नव्हतं.

आपलं निदान चुकावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

“काल आला होता?” त्याने विचारलं.

“रोज येतो म्हटलं ना.”

“जाताना? की येताना?”

“दोन्ही वेळा रे बाबा. काल तर येताना अगदी डोकं उठलं.” ती रस्त्याकडे बघत होती. निर्धास्त. “का? सापडलं का काही?”

त्याने काच वर केली.

“सापडलं,” तो म्हणाला. “नवा बुश टाकतो. मग शेजारी कुणीही बसलं तरी आवाज येणार नाही.”